बंबवाल्याचा डावा गुडघा

पन्नाशी उलटलेल्या माणसाने पोटावर पालथं पडावं की पडू नये, याबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद असू शकतील. पण सार्वजनिक बागेत, हनुवटी ओल्या पायरीला टेकवून, शर्टाला चिखल लावून पडावं की नाही, याबद्दल आमच्या साहेबांना काही शंका नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ते पाय मोकळे करायला आले होते आणि त्यांच्या बुटांना माझं डोकं लागलं.

"काय हरवलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही साहेब. फोटो काढतोय."

साहेबांनी खाली वाकून पाहिलं. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर सहा इंचांचा एक बंबवाला उभा होता. अंगात नारिंगी कोट, हातात नळी, डोकं मात्र बोडकं. त्याच्या शेजारी काळ्या पोशाखातली पाणबुडीबाई होती. तिच्या पायांत बदकासारखे जोडे होते. साहेब बराच वेळ त्या दोघांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दीडला जागेवर या." सव्वीस वर्षं मी दीडच्या आत जागेवर असतो. हे वाक्य मला ऐकावं लागायला नको होतं.

ती दोन्ही खेळणी आमच्या मुलीची. कोपर, मनगट, कंबर, गुडघा सगळीकडे सांधे असलेली, हवी तशी उभी करता येणारी. मुलगी आता खेळण्याच्या वयाची राहिलेली नाही. ती दूरच्या शहरात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दोन महिन्यांची उमेदवारी करायला गेली होती. पहिल्या आठवड्यात लांबलचक फोन आले, दुसऱ्या आठवड्यात "हं", "बरं" आणि "जेवले" एवढेच तीन शब्द आले, आणि त्यानंतर एका संध्याकाळी तिचा फोन आला की मला जमत नाहीये, मी परत येते.

"आणखी थोडे दिवस बघ," एवढंच आमची ही म्हणाली. खरं सांगायचं तर ती परत आली असती तर मला इतका आनंद झाला असता की तो लपवता आला नसता. हिलाही झाला असता. पण ज्या पोरीने सातव्या वर्षी स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्यातला रक्ताचा थेंब भिंगाखाली धरून बघितला होता, ती हे काम सोडून आली तर पुढे स्वतःला काय म्हणेल, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. म्हणून आम्ही दोघं एकमेकांसमोर फार खंबीरपणे वागत होतो.

त्याच आठवड्यात कपाटात बल्ब शोधताना मला बुटांच्या खोक्यात हे दोघं सापडले. सहज म्हणून बंबवाल्याला खिडकीत उभं केलं, फोटो काढला आणि तिला पाठवला. "हा विचारतोय, कशी आहेस."

मिनिटभरात उत्तर आलं. "हेल्मेट कुठाय त्याचं? थंडीत बोडका काय फिरवता? आणि डावा गुडघा जोर लावून वाकवू नका."

चौदा शब्द. मी मोजले. दुसऱ्या दिवशी पाणबुडीबाईचा फोटो पाठवला, तर तिने फक्त एक शब्द पाठवला. "उद्या?"

आता मी आवक विभागातला कारकून आहे. समोरून विचारणा आली की तिला उत्तर गेलं पाहिजे, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे. मी कॅलेंडर काढलं. उमेदवारी संपायला अडतीस दिवस होते. आमच्या ऑफिसला लागून बाग आहे, बागेत पाण्याच्या टाकीची टेकडी आहे आणि टेकडीला पायऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी मी त्या मोजल्या, तर अडतीस निघाल्या. नेमकं बोलायचं तर सदतीस निघाल्या, वरचा ओटा मी पायरी धरला. मी तिला कळवलं, "हे दोघं टेकडीवर निघालेत. रोज एक पायरी. तू तिकडचं संपवशील त्या दिवशी हे वर पोचतील."

"गुडघ्याचं काय?" तिने विचारलं.

"बघू," मी लिहिलं. जगातले सगळे मोठे घोटाळे या एका शब्दाने सुरू होत असावेत.

पहिली अडचण उजेडाची. त्या महिन्यात सूर्य रजेवर गेला होता आणि रजेचा अर्ज माझ्याकडे आलेला नव्हता. ऑफिसात दुपारी दोनलाच दिवे लागत. साडेपाचला बाहेर पडावं तर समोरचा माणूस आवाजावरून ओळखायची पाळी. उरली जेवणाची सुट्टी, एक ते दीड. तेव्हाही आभाळ भांड्यांच्या पाण्याच्या रंगाचं. पहिल्या पायरीच्या फोटोत बंबवाला म्हणजे एक नारिंगी डाग आला होता आणि पाणबुडीबाई मुळीच आली नव्हती.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त छायाचित्रकार राहतात. चाळीस वर्षं त्यांनी पासपोर्टचे फोटो काढले, म्हणून सगळे त्यांना पासपोर्टकाका म्हणतात. या माणसाने हयातीत कुणाला कॅमेऱ्यासमोर हसू दिलेलं नाही. त्यांनी माझा फोटो लांब धरून पाहिला आणि चष्मा काढला.

"ढगाळ उजेडाला नावं ठेवायची नाहीत," ते म्हणाले. "सावली नाही, म्हणजे चेहऱ्यावर भांडण नाही. फक्त तो उजेड गोळा करावा लागतो. घरात स्टीलचं ताट आहे?"

"आहे."

"ते समोरून तिरकं धरायचं. फोटो काढताना श्वास रोखायचा. आणि उभ्याने काढू नका. उभ्याने काढलं की खेळणं दिसतं. जमिनीला डोळा लावलात की माणूस दिसतो." मग त्यांनी बंबवाल्याला हातात घेतलं, त्याची हनुवटी किंचित खाली केली आणि दोन्ही कान दिसतात का ते तपासलं. तेव्हापासून मी पालथा पडायला लागलो. साहेबांनी मला पाहिलं ते यानंतर.

दुसरी अडचण गुडघ्याची. डावा पाय वाकत नसल्यामुळे बंबवाला पायरी चढतोय असं न दिसता पायरीला टेकवून ठेवलाय असं दिसायचं. आमची ही फिजिओथेरपीच्या दवाखान्यात काम करते, दिवसभर लोकांचे गुडघेच तिच्या हाताखालून जातात. तिने बंबवाल्याला गॅसजवळ नेलं. "असल्या सांध्यांना शेक लागतो," असं म्हणून कढत पाण्याच्या वाडग्यात त्याला कमरेपर्यंत बसवलं. पाच मिनिटांनी बाहेर काढलं, तर डावा गुडघा होता तसाच होता आणि उजवा, जो आजवर चांगला होता, तो ढिला झाला होता. म्हणजे एक पाय वाकेना आणि दुसरा सरळ राहीना.

"पेशंटने हालचाल केली असेल," ही म्हणाली आणि केसांतला आकडा काढून त्याची सरळ तार केली. ती त्याच्या पाठीमागून उजव्या पायाला बांधली. पुढून दिसत नव्हती. वाऱ्याची झुळूक आली की तरीही तो पडायचा, पण आता निदान ताठ पडायचा.

तिसरी अडचण मीच ओढवून घेतली, आणि ती सांगताना मला अजून कानकोंडं व्हायला होतं. बागेच्या पहारेकऱ्याने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "काढा की फोटो. कोण विचारतंय." दुसऱ्या कुणी हे ऐकून फोटो काढले असते. पण 'कोण विचारतंय' या तत्त्वावर जगणाऱ्या लोकांचे अपुरे अर्ज मी सव्वीस वर्षं परत पाठवत आलो आहे. आता स्वतःच विनापरवानगी बागेत पालथं पडायचं म्हणजे काय? चौथ्या पायरीच्या दिवशी मी उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज केला.

अर्ज मी भरला तसा कुणी भरला नसेल. एकही रकाना रिकामा ठेवला नाही. कारण : वैयक्तिक छायाचित्रण. कलाकारांची संख्या : दोन. एक पुरुष, एक स्त्री. कलाकारांचं वय : इथे मी थोडा थांबलो, हिला विचारलं, तिने बिलं ठेवायच्या फाइलीतून खेळण्यांची पावती काढली, आणि मी लिहिलं, पंधरा. वेशभूषा : अग्निशमन आणि पाणबुडी. कलाकारांच्या प्रकृतीविषयी विशेष बाबी : पुरुष कलाकाराचा डावा गुडघा कायमचा अडकलेला असून उजवा अलीकडे घरगुती उपचारांत निकामी झाला आहे. उभं राहण्यासाठी तारेने बांधावं लागतं. कलाकारांची ने-आण : माझ्या पिशवीतून. अर्जात उंचीचा रकाना नव्हता. नसलेला रकाना भरणं माझ्या तत्त्वात बसत नाही. अर्जाची पोच घेतली आणि समाधानाने पाचव्या पायरीकडे वळलो.

पुढचे सतरा दिवस मी माणसात नव्हतो. खेळणी चेपू नयेत म्हणून मी ती जेवणाच्या डब्यातून न्यायला लागलो. वरच्या पुडात बंबवाला, खालच्या पुडात बाई. माझं जेवण कागदात. एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी "बघू आज काय दिलंय घरून" म्हणून झाकण उघडलं आणि बोडक्या बंबवाल्याशी त्यांची नजरानजर झाली. त्यांनी झाकण लावलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी फार मायेने बोलायला लागल्या, आणि ते मला टोमण्यांपेक्षा जड गेलं. अकराव्या पायरीवर एका कुत्र्याने पाणबुडीबाईला तोंडात धरून टेकडीला अर्धा वळसा घातला. तिचा एक जोडा आता जरा चावलेला आहे. सोळाव्याला पाऊस होता, सतराव्याला धुकं, आणि एकोणिसाव्याला वारा इतका की मी ताट धरलं होतं की ताटाने मला, ते सांगता येणार नाही. पण एकही दिवस चुकला नाही. रोज अडीचच्या सुमाराला तिकडून "उद्या?" यायचं. त्याच्या आगेमागे हळूहळू आणखी शब्द यायला लागले होते. आज मी चाळीस काचा तपासल्या. आमच्या बाईंनी आज चांगलं म्हटलं. हेल्मेट सापडलं का?

हेल्मेट काही सापडत नव्हतं. सोफ्याखाली, शिलाईच्या डब्यात, गादीच्या खोळीत, सगळीकडे पाहून झालं. "पंधरा वर्षांत कुठे गेलं असेल कुणास ठाऊक," ही म्हणायची. पण तीसुद्धा केर काढताना केर आधी बघून घ्यायची.

बाविसाव्या पायरीच्या दिवशी, बुधवारी, पहारेकरी मला आडवा आला.

"आज नाही," तो म्हणाला.

"अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना, कोण विचारतंय?"

"तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता कागद आलाय." त्याने खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. माझ्या अर्जातले कलाकार वयाने लहान असल्याने प्रकरण बालकल्याण विभागाकडे पाठवलं आहे, प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत चित्रण करू देऊ नये. "कागद नव्हता तेव्हा मला तुम्ही दिसतच नव्हता. आता दिसता. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही कागदातलेच."

त्याचं बरोबर होतं. माझ्या टेबलावर मीही हेच म्हटलं असतं. मी माघारी फिरलो, साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि घरी आलो. जे मी पुढे केलं त्याची मला लाज वाटते. आमच्या इमारतीच्या जिन्यात खिडकीपाशी थोडा उजेड येतो. तिथल्या एका पायरीवर मी दोघांना उभं केलं, मागची भिंत दिसणार नाही अशा बेताने फोटो काढला आणि 'पायरी बाविसावी' म्हणून पाठवून दिला.

अर्धा तास काही आलं नाही. मग आलं, "ही आपल्या जिन्यातली नववी पायरी आहे. तडा गेलेली. मी तिच्यावर बसून बूट घालायचे."

"आज बागेत जरा अडचण आली," मी लिहिलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "बाबा, मी शनिवारी येते. सामान घेऊन. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला नाही जमलं, मला नाही जमलं. तो जिना बघितला आणि घरी यावंसंच वाटलं."

मी फोन ठेवला आणि हिच्याकडे पाहिलं. तिने बंबवाल्याच्या पायाची तार सोडली आणि परत नीट बांधली.

गुरुवारी सकाळची रजा टाकून, ऑफिसं उघडायच्या आधी मी उद्यान विभागाच्या दारात उभा होतो. आवकच्या टेबलावरचा माणूस आला. त्याने पेन्सिलीला टोक केलं, खुर्चीवर उशी ठेवली, आणि मान वर न करता म्हणाला, "आपला अर्ज प्रक्रियेत आहे." हे वाक्य मी रोज किमान दहा वेळा म्हणतो. समोरच्या बाजूने ते कसं ऐकू येतं हे मला सव्वीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. मी विचारलं, पाहणी कधी होईल? पंधरा दिवसांत. मी म्हणालो, फाइल हातोहात नेली तर? त्याने प्रथमच वर पाहिलं. "फाइल हातोहात मिळत नाही. तुम्हीपण ऑफिसातलेच दिसता. मग हे विचारता कसं?"

मग मी बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा थेट बालकल्याण विभागात गेलो. तिथे अधिकारी बाई होत्या, केस घट्ट बांधलेले, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. मी नाव सांगितल्याबरोबर त्यांनी एक फाइल उघडली. ती वरच ठेवलेली होती.

"तुमचीच वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "त्या मुलाला तारेने बांधता तुम्ही?"

"बांधावंच लागतं. नाही तर पडतो."

"आणि गुडघ्यावर हे घरगुती उपचार कुणी केले?"

"आमच्या हिने. कढत पाण्यात बसवलं होतं. तिचा हेतू चांगला होता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "या थंडीत किती वेळ उभं करता त्यांना बाहेर?"

"फक्त अर्धा तास, मॅडम. एक ते दीड. कधी तक्रार नाही त्यांची."

"दोघं आत्ता कुठे आहेत?"

"डब्यात," मी म्हणालो आणि पिशवी थोपटली.

माझ्या तोंडून जे गेलं ते कसं ऐकू गेलं असेल याचा मी विचार करत होतो, तोवर बाई फाइल काखेत घेऊन उभ्या राहिल्या होत्या. कुठलाही खुलासा इथे नको, जिथे चित्रण चालतं तिथेच बोलायचं, त्या म्हणाल्या. पिशवीला हात लावायचा नाही. पालक म्हणून घरच्या बाईंनाही तिथेच बोलवा. मी हिला फोन केला. ही दवाखान्याच्या ॲप्रनमध्येच निघाली आणि वाटेत पासपोर्टकाकांना सांगून आली. काका ताट घेऊन आले.

टेकडीच्या पायथ्याशी पहारेकऱ्याने बाईंना सलाम केला. बाई म्हणाल्या, "उघडा." मी डबा काढला, झाकण उघडलं, बंबवाला बाहेर काढून पायरीवर ठेवला, मग खालच्या पुडातून पाणबुडीबाई. वारा होता, त्यामुळे बंबवाला लगेच पडला.

बाई खाली वाकल्या. त्यांनी तार पाहिली, गुडघा पाहिला, चावलेला जोडा पाहिला. मग त्या पायरीवरच बसल्या.

"उंची का नाही लिहिलीत?"

"रकाना नव्हता, मॅडम."

त्यांनी अर्ज पुढून पाहिला, मागून पाहिला. "नाही खरा," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा कसाबसा स्थिर होता. "पण फाइल उघडली की मला ती बंद करावी लागते. पाहणी नीट करून, सगळे मुद्दे भरून. सोमवारी अहवाल देईन."

"सोमवार चालणार नाही," मी म्हणालो. आयुष्यात प्रथमच मी एका अधिकाऱ्याला असं म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. का, ते हिने सांगितलं.

"आमची मुलगी परगावी शिकतेय. तिला नको झालंय तिथे. हे रोज एक पायरी चढतात, तिला फोटो जातो, म्हणून ती टिकून होती. काल चुकलं. परवा ती सगळं सोडून येतेय." ही एवढं बोलली आणि मग तिचा आवाज बदलला. "मला ती यायला हवीच आहे हो. पण अशी नको."

हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मी बंबवाल्याला उचलून त्याच्या कोटावरची माती पुसत राहिलो.

बाईंनी आभाळाकडे पाहिलं. पाऊण वाजला होता आणि उजेड आत्ताच जायला निघाला होता. "पाहणी काम चालू असताना करायची असते, असा नियम आहे," त्या म्हणाल्या. "कुठली पायरी?"

"कालची बाविसावी राहिलीय. आजची तेविसावी."

"मग चढवा."

आम्ही चढलो. बाविसाव्या पायरीचा फोटो तिथल्या तिथे झाला. तेविसावीला मात्र वारा उलटा फिरला आणि भुरभुर पाऊस सुरू झाला. बंबवाला चार वेळा पडला, पाचव्यांदा पाणबुडीबाईला घेऊन पडला. मी पालथा पडलो. काकांनी ताट धरलं आणि "हनुवटी खाली, हनुवटी खाली" असं म्हणायला लागले, मला की त्याला ते कळलं नाही. पहारेकऱ्याने छत्री उघडली. त्याची छत्री उजेड अडवते म्हणून काका त्याच्यावर ओरडले, तर तो म्हणाला, "कागद भिजेल." बाईंनी फाइल उभी करून वारा अडवला आणि दुसऱ्या हाताने मुद्दे भरत राहिल्या. कलाकारांच्या जेवणाची सोय? डब्यात. निवाऱ्याची? डब्यात. मी श्वास रोखून एकोणीस फोटो काढले. एकोणीसच्या एकोणीस हललेले होते. विसाव्याला पुढे सरकलो, तर माझी पँट मागून उसवली. आवाज सगळ्यांनी ऐकला. मी उठलो नाही. हा बंबवाला तेविसाव्या पायरीवर उभा राहिल्याशिवाय मी उठणार नव्हतो, मग साहेब येवोत की सगळा विभाग येवो.

तो उभा राहिला. साधारण चार सेकंद. नेमका त्याच वेळी माझा फोन थंडीने बंद पडला.

मी तसाच पडून राहिलो. तेवढ्यात ही मागून म्हणाली, "पाठवला."

"काय पाठवलं?"

"फोटो. मी काढला. मागून."

तिने दाखवला. त्यात बंबवाला होता, पण नखाएवढा. बाकी सगळी जागा माझ्या उसवलेल्या पँटीने, ताटवाल्या काकांनी, छत्रीवाल्या पहारेकऱ्याने आणि फाइल उभी धरलेल्या सरकारी अधिकाऱ्यांनी व्यापली होती. खाली हिने लिहिलं होतं, पायरी तेविसावी. माझ्या अब्रूचं जे काही शिल्लक होतं ते त्या क्षणी तीनशे मैलांवर पोचलं. मी म्हणालो, "अगं, हा काय पाठवायचा फोटो आहे?"

आम्ही पाचही जण त्या फोनकडे बघत उभे राहिलो. पावसाने पडदा ओला होत होता, ही तो ॲप्रनला पुसत होती. दीड वाजायला आला. मग फोन वाजला.

"फाइलवाल्या बाई कोण?"

आणि लगेच दुसरा. "बाबा, पँट फाटलीय. उठा आधी."

मग काही नाही. बाईंनी पेनचं टोपण लावलं, पहारेकऱ्याने छत्रीचं पाणी झटकलं. कुणीही निघत नव्हतं.

मग तिसरा आला. "उद्या?"

ही तिथेच पायरीवर बसली आणि तिने ॲप्रनने डोळे पुसले. काका ताट पालथं करून ते बघायला लागले. मी दीडला जागेवर पोचलो नाही, पावणेदोनला पोचलो, ॲप्रन कमरेला मागून बांधून. शेजारच्या बाईंनी माझ्यासाठी चहा मागवला आणि काही विचारलं नाही. शनिवारी कुणीही आलं नाही. आमच्या घरात तो दिवस फार शांत गेला आणि आम्ही दोघांनी तो एकमेकांसमोर फार खंबीरपणे काढला.

परवानगीचं पत्र एकतिसाव्या पायरीला मिळालं. त्यात लिहिलं होतं की सदर दोन कलाकारांना टेकडी चढण्यापुरती परवानगी देण्यात येत आहे. उतरण्याचा उल्लेख नव्हता, कारण अर्जात मी तो केला नव्हता. पत्रासोबत उद्यान विभागाचा अर्जाचा नवा नमुना होता. त्यात उंचीचा रकाना घातला होता.

अडतिसाव्या दिवशी, म्हणजे ओट्यावर, आम्ही चौघं होतो. बालकल्याणच्या बाई सहज पाय मोकळे करायला म्हणून आल्या होत्या, फाइल नव्हती. आभाळ पहिल्या दिवशी होतं त्याच रंगाचं होतं. बंबवाल्याचा डावा गुडघा शेवटपर्यंत वाकला नाही, पण आम्ही त्याला पाणबुडीबाईच्या खांद्यावर हात टाकून उभं केलं आणि काकांनी प्रथमच हनुवटीबद्दल काही सूचना केली नाही. फोटो स्वच्छ आला. मी तो पाठवला आणि खाली लिहिलं, "पोचले."

उत्तर यायला वेळ लागला. आला तो फोटो होता. प्रयोगशाळेच्या खिडकीचा कठडा, बाहेर तसलंच मळकट आभाळ, कठड्यावर कोरा पांढरा कागद उजेडासाठी तिरका उभा केलेला, आणि त्याच्यासमोर एक पिवळं हेल्मेट. नखाएवढं. जमिनीला डोळा लावून काढलेलं.

खाली लिहिलं होतं, "माझ्या खिशात होतं. पहिल्या दिवसापासून. आज पास झाले. इथेच ठेवून घेतायत, पुढचं वर्षभर."

वर्षभर हा शब्द मी दोनदा वाचला. फोन हिच्याकडे दिला. तिने वाचलं आणि परत माझ्या हातात दिला. छान, अभिमान वाटतो, काळजी घे, असलं सगळं लिहून खोडलं. शेवटी एकच शब्द लिहिला आणि पाठवून दिला.

"उद्या?"

पासपोर्टकाकांनी माझ्या हातातून फोन घेतला, लांब धरला आणि चष्मा काढला. "उजेड चांगला गोळा केलाय पोरीने," ते म्हणाले. "हेल्मेट जरा डावीकडे हवं होतं. तिला सांगा."